‘शीर’ तुटली म्हणजे नेमके काय तुटले?
घोट्याखालच्या पायाची ओळख



लागण, खोडवा, खते, ठिबक आणि पाचट यांविषयी या अंकातून आपण नेहमीच वाचता. आज एका वेगळ्याच अवजाराविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. हे अवजार कुठल्या दुकानात मिळत नाही, उधारीवर तर नाहीच नाही, आणि मोडले तर त्याचे सुटे भागही येत नाहीत. ते अवजार म्हणजे आपले पाऊल.

हे लिहायला कारण घडले ते असे. गळीत हंगाम ऐन भरात असताना एक सभासद तोडणीच्या टोळीतल्या एका गड्याला घेऊन माझ्याकडे आले. तीन आठवड्यांपूर्वी बुडख्यावर घातलेला कोयता निसटून गड्याच्या डाव्या पायाला, घोट्याच्या अगदी समोर लागला होता. जखम जेमतेम दोन बोटे रुंद. रक्त थांबले, टाके पडले, टाके निघाले, जखम खडखडीत भरली. मग आता काय झालं, म्हणून विचारले तर गडी म्हणाला, “सायेब, चालताना अंगठा खाली अडकतोय. पाचटात पाय घातला की मुडपतोय. चप्पल घालायची म्हटलं तर हातानं उचलून घालावा लागतोय.”

मी त्याला दोन्ही पायांचे अंगठे वर करायला सांगितले. उजवा झटकन वर आला. डाव्या पायाची चार बोटे वर आली, अंगठा मात्र जागचा हलला नाही.

सभासद चुकचुकले. म्हणाले, “त्या दिवशीच माझ्या मनात आलं हुतं, शीर तर तुटली नसंल? पण रक्त लगेच थांबलं. म्हटलं, शीर शाबूत हाय.”

सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे. रक्त थांबले होते हे खरे, आणि शीर तुटली होती हेही खरे. कारण रक्ताची शीर वेगळी आणि अंगठा उचलणारी शीर वेगळी. पहिल्या एक-दोन दिवसांत कळले असते तर तुटलेली दोन टोके गाठून शिवता आली असती. तीन आठवड्यांत वरचे टोक आखडून नडगीकडे सरकून बसले होते. मग मोठे ऑपरेशन, दीड महिना प्लास्टर. गड्याचा हंगाम गेला. नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. एक जण बसला की कोयताच बसला. आणि घेतलेली उचल अंगावर राहिली ती राहिलीच.

म्हणून आज ‘शीर’ या शब्दाची जरा फोड करू.

एक शब्द, तीन वस्तू

आपण बोलताना तीन निरनिराळ्या वस्तूंना ‘शीर’ म्हणतो.

पहिली रक्ताची शीर, म्हणजे रक्तवाहिनी. ही आपली पाइपलाइन समजा. फुटली की वाहते आणि डोळ्यांना लगेच दिसते.

दुसरी मज्जातंतू, म्हणजे विजेची तार. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणे आणि कातडीला काय लागले ते मेंदूला कळवणे, ही तिची दोन कामे. ही तुटली किंवा दबली तर रक्त येईलच असे नाही. पण जागा बधिर होते, नाही तर पुढची मोटर बंद पडते.

तिसरी म्हणजे स्नायूच्या टोकाला असलेली पांढरी, चिवट दोरी. पुस्तकात हिला स्नायुरज्जू म्हणतात. आपण तिला दोरीच म्हणू. हिच्यात रक्त फार थोडे असते, म्हणून तुटली तरी भळभळत नाही. जखमेत पांढरे चकचकीत काही दिसले तर लोक म्हणतात, हाड दिसतंय. पुष्कळदा ते हाड नसते, ही दोरी असते.

पाइप फुटला तर पाणी वाहते. तार तुटली तर मोटर थांबते. दोर तुटला तर बैल ओढत राहतात आणि ओझे जागचे हलत नाही. तिन्ही बिघाड वेगळे आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी. तेव्हा दवाखान्यात नुसते ‘शीर तुटली’ म्हणून भागत नाही. कोणती, ते कळायला हवे.

सव्वीस हाडे आणि दोन बिजागऱ्या

एका पावलात २६ हाडे असतात. घोट्याकडे जाड, आखूड अशी ७, त्यापुढे चवड्यापर्यंत लांबोडकी ५ आणि बोटांत १४ (अंगठ्यात दोन, बाकीच्या चार बोटांत तीन-तीन). दोन पावलांची मिळून ५२. अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा तळाशीच आहे म्हणा ना!

पावलाला मुख्य बिजागऱ्या दोन. वरची घोट्याची. नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांच्या चिमट्यात पावलाचे सर्वांत वरचे हाड बसलेले असते. इथे पाऊल वर-खाली होते. दुसरी बिजागरी त्याच्या खाली, त्या हाडात आणि टाचेच्या हाडात. इथे पाऊल आत-बाहेर कलते. बांधाच्या उतारावर किंवा ढेकळांतून चालताना पाय सपाट टेकतो तो या दुसऱ्या बिजागरीमुळे.

गंमत अशी की, या दोन बिजागऱ्यांच्या मधल्या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. चारी बाजूंनी दोऱ्या जातात, पण त्याला कोणी धरत नाही. ते फक्त आजूबाजूच्या हाडांच्या आणि बंधांच्या आधाराने बसलेले असते. घोटा एवढा मुरगळतो त्याचे एक कारण हेही आहे.

दुसऱ्या बिजागरीची किंमत किती, ते जयपूरला कळले. पाय गेलेल्या माणसाला पूर्वी परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय मिळे. तो बुटात घालून सिमेंटच्या रस्त्यावर ठीक चाले, पण तो ताठ असल्याने उकिडवे बसता येत नसे आणि चिखलात जाता येत नसे. शेतकऱ्याने तो खुंटीला टांगून ठेवायचा आणि कुबडी घ्यायची. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कसबी कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबर वापरून वर-खाली आणि आत-बाहेर, दोन्हीकडे वाकणारे पाऊल तयार केले. तोच आजचा ‘जयपूर फूट’. त्यामुळे पाय गेलेला माणूस पुन्हा अनवाणी वावरात उतरू शकला.

बैल वर, मोट खाली

जुन्या सभासदांना मोट आठवत असेल. बैल धावेवर, मोट विहिरीत, मध्ये नाडा, आणि नाडा वळवायला चाक. ओढणारा एकीकडे, हलणारी वस्तू दुसरीकडे.

पावलाची रचना हुबेहूब अशीच आहे. पाऊल हलवणारे मोठे स्नायू पावलात नसतातच. ते असतात वर, पोटरीत आणि नडगीच्या बाजूला. तिथून त्यांच्या दोऱ्या खाली उतरतात, घोट्याच्या हाडाला चाकासारखा वळसा घालतात आणि पावलाच्या हाडांना जाऊन धरतात. त्या उडू नयेत म्हणून घोट्याभोवती आडवे पट्टे आहेत, घड्याळाच्या पट्ट्यासारखे. एवढे सगळे मांस पावलातच असते तर आपली पावले हत्तीसारखी झाली असती.

खरे वाटत नसेल तर आत्ता बसल्या जागी करून बघा. नडगीच्या बाहेरच्या अंगाला हात ठेवा आणि पाऊल वर उचला. हाताखाली मांस टणक होते. तो तुमचा बैल. आता घोट्यासमोर बघा, कातडीखाली ताठ झालेली दोरी दिसेल. तो तुमचा नाडा.

म्हणूनच घोट्याजवळचा लहान घावही मोठा समजायचा. तिथे मांस कमी, कातडी पातळ आणि दोऱ्या दाटीने गेलेल्या.

असे घोटा ओलांडून उतरणारे स्नायू बहुतेकांच्या एकेका पायात बारा असतात. त्यांचे चार जथे आहेत: समोरचा, बाहेरचा, मागचा आणि आतला. एकेक बघू.

समोरचा जथा: उचलणारा

यातला मुख्य स्नायू नडगीला लागून आहे. त्याची दोरी घोट्यासमोरून आतल्या बाजूला उतरते आणि पाऊल वर उचलते. तिच्या शेजारची दोरी अंगठ्याची. त्याच्या पलीकडे चार बोटांची. आपल्या गड्याची तुटली ती या मधल्या अंगठ्याची.

हा जथा प्रत्येक पावलाला दोनदा राबतो. पाय पुढे टाकताना बोटे जमिनीला घासू नयेत म्हणून पाऊल उचलून धरतो. आणि टाच टेकल्यावर चवडा एकदम आपटू नये म्हणून त्याला हळूहळू खाली सोडतो, जसा उतारावर गाडीवान कासरा हळूहळू सैल सोडतो तसा.

हा जथा निकामी झाला की पाऊल लोंबते. चालताना ‘फट् फट्’ असा आवाज येतो. बोटे अडकू नयेत म्हणून माणूस पायरी चढल्यासारखा गुडघा उंच उचलून चालतो. असे चालणारा कोणी दिसला तर ‘लकब आहे’ म्हणून सोडून देऊ नका. तो आजार आहे.

बाहेरचा जथा: सावरणारा

पायाच्या बाहेरच्या अंगाला दोन स्नायू. दोघांच्या दोऱ्या बाहेरच्या घोट्यामागून वळसा घेतात. आखूड स्नायूची दोरी पावलाच्या बाहेरच्या कडेवर, साधारण मध्यावर जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथे धरते. लांब स्नायूची दोरी तळव्याखाली शिरते, आडवी जाते आणि पार अंगठ्याच्या मागच्या हाडाला पोहोचते. समोरच्या जथ्यातली मुख्य दोरीही आतल्या बाजूने जवळजवळ तिथेच येते. म्हणजे दोन बाजूंनी दोन दोऱ्या आणि मध्ये पाऊल, अगदी घोड्याच्या रिकिबीसारखे.

ओल्या सरीत किंवा बुडख्यावर पाय पडून पाऊल आत वळते, तेव्हा त्याला बाहेर खेचून सावरायचे काम हे दोघे करतात. ते वेळेवर जागे झाले तर आपण नुसते अडखळतो. नाही झाले तर घोटा मुरगळतो आणि बाहेरच्या बाजूचे बंध ताणतात किंवा फाटतात. बंध म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. दोरी वेगळी, बंध वेगळा.

मुरगळला की आपल्याकडे पहिली धाव असते ती तेल घेऊन रगडायला, नाही तर कुणाकडून तरी पाय ‘ओढून’ घ्यायला. कृपा करून हे करू नका. ताज्या जखमेला रगडले तर सूज वाढते, आणि आत हाड मोडलेले असेल तर ते सरकते. पहिले दोन-तीन दिवस पाय उंच ठेवा, फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ लावा, पट्टी बेताची बांधा.

एक्स-रे कधी काढायचा? कॅनडातल्या ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी सोपे नियम दिले, ते आज जगभर वापरतात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, अथवा बाहेरच्या कडेच्या त्या उंचवट्यावर, किंवा आतल्या घोट्याच्या थोडे पुढे कमानीच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा.

आणि सूज उतरली म्हणजे काम संपले असे नाही. तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, कारण सावरणारा जथा सुस्त झालेला असतो. त्याला पुन्हा कामाला लावायला लागते. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळा. जमले की डोळे मिटून सांभाळा. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत अक्षरे काढा. नातवंडे हसतील, हसू द्या.

मागचा जथा: ढकलणारा

पोटरी हे आपल्या पायाचे इंजिन. वर दिसणारा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली रुंद, चपटा असा दुसरा असतो, तो गुडघ्याच्या खालून निघतो. दोघे मिळून एकच दोरी करतात, टाचेमागची. सबंध शरीरात हिच्याएवढी जाड आणि बळकट दोरी दुसरी नाही. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा गडी सगळा भार एका पायाच्या चवड्यावर तोलतो, तो या दोरीच्या जोरावर.

पोटरीचे आणखी एक काम लोकांना ठाऊक नसते. पायातले रक्त वर चढवायचा पंप तीच आहे. ती आवळली की रक्त वर ढकलले जाते, आणि झडपा असल्यामुळे ते खाली येत नाही. म्हणून दिवसभर एका जागी उभे राहून पाय सुजतात, तेवढे चालून सुजत नाहीत. काट्यावर किंवा दुकानात तासन्‌तास उभे राहणाऱ्यांनी मधून मधून टाचा उचलाव्यात.

आता महत्त्वाचे ऐका. टाचेमागची दोरी पूर्ण तुटली तरी पाऊल थोडे खाली करता येते, कारण बाकीच्या जथ्यांच्या दोऱ्या तेवढे काम निभावून नेतात. त्यामुळे ‘पाऊल हलतंय, म्हणजे शीर शाबूत’ हा हिशेब इथे चुकतो. खरी परीक्षा अशी: माणसाला पालथे झोपवा, पावले खाटेबाहेर राहू द्या, आणि पोटरी हाताने दाबा. चांगल्या पायाचे पाऊल दाबल्याबरोबर हलते. तुटलेल्याचे हलत नाही. जखम नसतानाही चाळिशीच्या आसपास एकदम पळताना किंवा उडी मारताना ही दोरी तुटते. मागून कोणी काठी मारली असे वाटते, वळून बघावे तर कोणी नसते. तेव्हाही हीच परीक्षा करावी.

आतला जथा: कमान उचलून धरणारा

पोटरीच्या पोटात, हाडांना लागून तीन स्नायू असतात. एक पावलाची कमान उचलून धरतो आणि पाऊल आत वळवतो, दुसरा चार बोटे मुडपतो, तिसरा अंगठा मुडपतो. रात्री दारे धरताना चिखलात पाय घसरू नये म्हणून बोटे जमिनीला धरून ठेवतात ते हेच.

तिघांच्या दोऱ्या आतल्या घोट्यामागून खाली जातात. त्याच जागी त्यांच्या मधोमध रक्ताची शीर असते. तिथे दोन बोटे हलकी ठेवा, ठोका लागेल. आणि तिला लागूनच तळव्याला संवेदना देणारी तार. म्हणजे पाइप, तार आणि दोऱ्या, आपण ज्यांना ज्यांना शीर म्हणतो त्या तिन्ही वस्तू इथे एवढ्याशा जागेत एकत्र नांदतात. इथे घाव लागला तर तो कितीही लहान असो, तिन्हींची तपासणी झाल्याशिवाय टाके घालून घरी येऊ नका.

उतारवयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या बायकांत, कमान धरणारी दोरी झिजते. एकाच पायाची कमान बसत जाते, टाच बाहेर झुकते आणि आतल्या घोट्यामागे दुखते. त्या पायावर एकट्याने उभे राहून टाच उचलता येत नाही. ‘वय झालं’ म्हणून आई-आजीचे हे दुखणे अंगावर काढू देऊ नका. लवकर आधार दिला तर बरेच सावरते.

तळव्यातले बारके गडी

मोठे बैल वर असले तरी तळव्यात लहान लहान स्नायूंचे चार थर आहेत. बोटे सरळ ठेवणे, त्यांना जमिनीला टेकवणे, कमान आवळून धरणे ही त्यांची कामे. ती दिसत नाहीत, पण थांबली की कळतात. जुन्या मधुमेहात तारा कमजोर होतात आणि आधी हे बारके गडी काम सोडतात. मग बोटे नखीसारखी वाकडी होतात. चवड्यावर भार येतो, घट्टे पडतात. त्यात तळवा बधिर, काटा रुतला तरी कळत नाही. चप्पल कधी सुटली तेही कळत नाही. मधुमेहात पाय कापायची वेळ बहुधा अशा न कळलेल्या जखमेतूनच येते.

कुष्ठरोगातही याच तारा धरल्या जातात. कातडीवर बधिर चट्टा असेल, किंवा पाऊल लोंबू लागले असेल, तर लाजू नका. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. लोंबणाऱ्या पावलावरही इलाज आहे. आतल्या जथ्यातली कमान धरणारी दोरी सोडवून ती समोर आणून बसवतात. एका पाटाचे पाणी दुसऱ्या पाटाला वळवावे तसे हे ऑपरेशन. काही आठवड्यांच्या सरावाने मेंदूही शिकतो आणि पाऊल पुन्हा उचलू लागते.

उकिडवे बसणाऱ्यांनी सांभाळावे

एक जागा अजून दाखवायची राहिली. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक हाडाचा गोळा हाताला लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून समोरच्या आणि बाहेरच्या जथ्याची तार जाते. वर फक्त कातडी. खुरपणीला, कांदा लावायला किंवा रोपे काढायला तासन्‌तास उकिडवे बसले की ही तार दबते. पायाला मुंग्या येतात त्या इथूनच. तरीही तसेच बसून राहिले तर उठल्यावर पाऊल लोंबलेले असते! अशा बहुतेकांचे पाय काही आठवड्यांत सावरतात, पण सगळ्यांचे नाही. तेव्हा खुरपणाऱ्या बायकांना अर्ध्या तासाने एकदा उठून दोन पावले चालू द्या. त्याने पात मागे पडत नाही. गुडघ्याखाली प्लास्टर किंवा पट्टी घट्ट बांधली तरी हीच तार दबते, हेही ध्यानात असू द्या.

कोयता लागला तर

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे कात्रण फडात जाणाऱ्या पिशवीत ठेवा.

१. स्वच्छ फडके जखमेवर दाबून धरा, पाय उंच करा. जखमेच्या वर दोरी आवळून बांधू नका. हळद, चहापूड, तंबाखू, माती काहीही भरू नका.

२. पाइप बघा: बोटे गरम आणि लाल आहेत का? की गार, पांढरी पडली आहेत?

३. तार बघा: डोळे मिटायला सांगून अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधली बेचकी, पावलाची वरची बाजू आणि तळवा यांना हलके बोट लावा. कळते का ते विचारा.

४. दोरी बघा: अंगठा वर, बोटे वर, पाऊल वर. मग अंगठा खाली, बोटे खाली. मग पाऊल आत, पाऊल बाहेर. प्रत्येक वेळी चांगल्या पायाशी ताडून बघा. जबरदस्ती करू नका. टाचेमागे घाव असेल तर पाऊल हलले तरी भरवसा ठेवू नका. पालथे झोपवून पोटरी दाबण्याची परीक्षा डॉक्टरांकडून करून घ्या.

५. यातले काहीही कमी आढळले तर डॉक्टरांना नेमके तेच सांगा. ‘शीर तुटली’ नव्हे, तर ‘अंगठा वर येत नाही’, ‘तळवा बधिर आहे’ असे सांगा. दोरी अर्धवट तुटली असेल तर बोट हलतेसुद्धा, म्हणून सगळे ठीक वाटले तरी घोट्याजवळची जखम त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.

ही तपासणी करायला दोन मिनिटे पुरतात. त्याला ना मशीन लागते ना पैसा. त्या दिवशी फडात कोणी त्या गड्याला एवढेच म्हटले असते, “गड्या, अंगठा वर कर बघू,” तर त्याचा हंगाम वाचला असता.

आपल्या फडात येणारी टोळी घरदार सोडून, लेकरेबाळे घेऊन आलेली असते. त्यांच्या पायावर आपला ऊस काट्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा हंगाम सुरू होताना मुकादमाला आणि गड्यांना बोलावून हा लेख एकदा मोठ्याने वाचून दाखवा. आणि वाचता वाचता सगळ्यांना आपापला अंगठा वर-खाली करायला लावा. एकदा करून बघितलेले माणूस विसरत नाही.

— आपल्यातलाच एक डॉक्टर सभासद